दुचाकी सुरू होत नाही? बॅटरी बदलण्यापूर्वी एवढे तपासा

प्रतिनिधी

कार्यालयाची वेळ झालेली असावी आणि काल रात्रीपर्यंत ठणठणीत असलेल्या दुचाकीने सुरू व्हायचे नावच घेऊ नये, हा अनुभव शहरातील बहुतेक दुचाकीस्वारांच्या वाट्याला कधी ना कधी येतोच. अशा वेळी सेल्फचे बटण पुन:पुन्हा दाबले जाते, इमारतीखाली जमलेली मंडळी सल्ले देतात आणि अखेर 'बॅटरी गेली' असा निकाल लागतो. हजार-दीड हजार रुपये मोजून नवी बॅटरी बसवली जाते. चार दिवसांनी गाडी पुन्हा अडून बसते, तेव्हा लक्षात येते की दोष दुसरीकडेच होता. कधी तो ओल्या प्लगकॅपमध्ये असतो, कधी सैल टर्मिनलमध्ये, तर कधी बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्रणेत.

पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनाला सुरू होण्यासाठी विजेची दोन निरनिराळी कामे व्हावी लागतात. इंजिन फिरवणे हे पहिले काम आणि सिलिंडरमध्ये वेळेवर ठिणगी पाडणे हे दुसरे. या दोहोंपैकी नेमके कोणते काम होत नाही, हे आधी ओळखले तर निम्मा शोध तेथेच संपतो. त्यासाठी कान, डोळे आणि थोडा संयम एवढेच भांडवल पुरते.

ठिणगीचा प्रवास

स्पार्क प्लगच्या दोन टोकांत एक मिलिमीटरहूनही कमी अंतर असते. मात्र सिलिंडरमध्ये दाबल्या गेलेल्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणातून ठिणगीला उडी मारायची असल्याने तेथे हजारो व्होल्टचा दाब लागतो. बारा व्होल्टच्या बॅटरीतून किंवा इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटोतून निघालेली वीज इग्निशन कॉइलमध्ये येते आणि तेथे तिचा दाब पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत चढतो. तेथून जाड रबरी आवरणाच्या वायरमधून आणि प्लगकॅपमधून ती प्लगपर्यंत पोहोचते. फोर-स्ट्रोक इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर सिलिंडरमध्ये दर सेकंदाला पन्नास वेळा स्फोट घडावा लागतो. यातील एखादी ठिणगी चुकली तरी गाडी झटका देते. सलग चुकत राहिल्या तर ती बंदच पडते.

उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग यांची जोडी जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९०२ मध्ये सिद्ध झाली. आपल्याकडील जुन्या स्कूटरमध्ये याच मॅग्नेटोबरोबर 'पॉइंट' असत. ते झिजले, काळे पडले, की पॉलिश पेपरने घासून गाडी सुरू करण्याची कला अनेकांना अवगत होती. पुढे पॉइंटची जागा सीडीआय या इलेक्ट्रॉनिक पेटीने घेतली. या पेटीचे दोन प्रकार आहेत. एक थेट मॅग्नेटोवर चालतो. त्यात बॅटरी पार संपली तरी किक मारून गाडी सुरू होते. दुसरा बॅटरीवर अवलंबून असतो; त्यात बॅटरी गेली की ठिणगीही जाते.

एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ हे प्रदूषणमानक लागू झाले आणि बहुतेक नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर हद्दपार झाला. आता पेट्रोल फवारणारा इंजेक्टर, टाकीतील पंप आणि ठिणगीची वेळ ठरवणारा छोटा संगणक, असे सारेच विजेवर चालते. परिणामी बॅटरीचे महत्त्व पूर्वीपेक्षा वाढले आहे. 'सेल्फ लागला नाही तर किक आहेच' ही जुन्या पिढीची निश्चिंती नव्या गाडीत गृहीत धरता येत नाही. काही गाड्यांना किकच नसते, आणि असली तरी बॅटरी पूर्ण उतरल्यावर पंपाला वीज न मिळाल्याने ती बहुधा निरुपयोगी ठरते.

आधी ऐका, मग पाना उचला

चावी फिरवून सेल्फ दाबल्यावर काय ऐकू येते, यावरून दोषाची दिशा कळते.

काहीच आवाज आला नाही, तर आधी साध्या गोष्टी पाहाव्यात. हँडलवरील इंजिन बंद करण्याचा लाल स्विच चुकून दाबला गेला आहे काय? स्कूटर असेल तर ब्रेक दाबूनच सेल्फ मारला काय? गिअरची गाडी न्यूट्रलमध्ये आहे काय? अलीकडच्या अनेक गाड्यांत साइड स्टँड खाली असेल तर इंजिन सुरूच होत नाही. हे सारे ठीक असूनही शांतता असेल तर फ्यूज आणि बॅटरीचे टर्मिनल तपासावे. बॅटरीच्या टर्मिनलचे स्क्रू खड्ड्यांच्या रस्त्यावर हादऱ्यांनी सैल होतात, ही अगदी नेहमीची बाब आहे.

'टक-टक' असा आवाज येऊन इंजिन फिरत नसेल, तर सेल्फच्या रिलेपर्यंत वीज पोहोचते आहे, पण मोटर फिरवण्याइतके बळ तिच्यात नाही, असा अर्थ होतो. बॅटरी उतरली असणे किंवा टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी साचून वाट अडली असणे, ही दोन कारणे येथे प्रामुख्याने संभवतात. अशा वेळी हॉर्न हा उत्तम साक्षीदार ठरतो. तो घोगरा वाजला आणि इंडिकेटर मंदावले तर संशय बॅटरीवर घ्यावा. हेडलाइटवरून मात्र अंदाज बांधू नये. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो; त्यामुळे इंजिन बंद असताना तो न लागणे हा बिघाड असेलच असे नाही.

इंजिन नेहमीच्या जोमाने फिरते, तरी पेट घेत नाही, हा तिसरा प्रकार. येथे बॅटरीला बहुधा दोष देता येत नाही. शोध ठिणगी आणि पेट्रोल यांच्या दिशेने न्यावा. सेल्फ एका वेळी पाच सेकंदांपेक्षा अधिक दाबून धरू नये आणि दोन प्रयत्नांत दहा-पंधरा सेकंदांची उसंत द्यावी. अन्यथा चांगली बॅटरीही या खटाटोपात उतरते आणि एका दुखण्याची दोन दुखणी होतात.

प्लग काय सांगतो?

टाकीत पेट्रोल असल्याची खात्री झाल्यावर प्लग काढून पाहावा. इंजिन गरम असताना हे काम टाळावे, कारण ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे गरम असताना सहज खराब होतात. प्लग काढण्यापूर्वी त्याच्या भोवतालची धूळ फुंकरीने वा कापडाने दूर करावी, म्हणजे ती सिलिंडरमध्ये पडत नाही.

बराच वेळ सेल्फ मारूनही प्लग कोरडा निघाला, तर इंजिनापर्यंत पेट्रोल पोहोचत नाही असे समजावे. तो पेट्रोलने ओला निघाला, तर पेट्रोल येते आहे, पण ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल गरजेपेक्षा जास्त झाले आहे. चोक ओढून पुन:पुन्हा किक मारल्यास किंवा गाडी आडवी पडून उचलल्यास असे होते. प्लग पुसून, वाळवून, काही मिनिटे थांबून पुन्हा प्रयत्न केला तर पुष्कळदा गाडी सुरू होते.

प्लगच्या टोकाचा रंगही बोलका असतो. फिकट तपकिरी रंग म्हणजे इंजिनाची प्रकृती उत्तम. कोरडी काळी काजळी दिसली तर हवेच्या मानाने पेट्रोल जास्त जाते आहे. एअर फिल्टर धुळीने भरला असण्याची शक्यता मोठी. तेलकट काळा थर असेल तर इंजिनातील ऑइल वर येते आहे, म्हणजे रिंग वा व्हॉल्व्हचे काम निघाले आहे. टोक पांढरेफटक, भाजल्यासारखे झाले असेल तर इंजिन प्रमाणाबाहेर तापते आहे, हे जाणावे.

ठिणगी पाहण्याची पद्धत मेकॅनिक नेहमी वापरतात. काढलेला प्लग पुन्हा कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या रंग नसलेल्या जागी टेकवला जातो आणि सेल्फ किंवा किक मारली जाते. निळसर, 'चट्' असा आवाज करणारी ठिणगी म्हणजे यंत्रणा शाबूत. पिवळसर, क्षीण ठिणगी म्हणजे कॉइल, वायर किंवा कॅप दुबळी झाली आहे. ही परीक्षा घेताना प्लग उघड्या हाताने धरू नये. तो प्लगच्या छिद्रापासून दूर ठेवावा आणि छिद्रावर कापड असावे, कारण तेथून पेट्रोलची वाफ बाहेर येते आणि ठिणगीने ती पेटू शकते. प्लग न टेकवता कॅप मोकळी सोडून सेल्फ मारणे तर कटाक्षाने टाळावे. ठिणगीला वाट न मिळाल्याने सीडीआय किंवा कॉइल जळण्याचा धोका असतो. इंजेक्टरच्या गाडीत हे काम गॅरेजवर सोपवलेलेच बरे. मीटरवरील इंजिनाच्या चित्राचा दिवा चावी लावल्यावर काही क्षणांत विझत नसेल किंवा ठरावीक पद्धतीने लुकलुकत असेल, तर संगणकाने दोष नोंदवला आहे, असे समजून ही बाब मेकॅनिकला आवर्जून सांगावी.

उघड्या हवेत ठिणगी देणारा प्लग सिलिंडरमधील दाबाखाली नापास होऊ शकतो. त्यामुळे संशय असेल तेव्हा नवा प्लग लावून पाहणे हा स्वस्त उपाय ठरतो. मात्र तो गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या क्रमांकाचाच असावा, आणि त्याच्या टोकांतील अंतरही पुस्तिकेनुसारच ठेवावे.

पावसाळ्यातील पाहुणा

पावसाळ्यात, आणि वॉशिंग सेंटरमध्ये जोरदार फवाऱ्याने गाडी धुतल्यानंतरही, ठिणगी हरवण्याचे मुख्य कारण ओलावा हेच असते. प्लगकॅपच्या रबराला तडा गेला असेल तर पाणी आत शिरते आणि हजारो व्होल्टची वीज प्लगऐवजी ओल्या वाटेने इंजिनाच्या अंगात उतरते. कॅप काढून आतून-बाहेरून कोरड्या कापडाने पुसली तर गाडी अनेकदा लगेच सुरू होते. तडा गेलेली कॅप मात्र पावसाळ्यापूर्वीच बदलून घ्यावी.

गाडी पाण्यात बुडाली असेल तर गोष्ट वेगळी. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईत असंख्य वाहने पाण्याखाली गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यात आंबिल ओढ्याच्या काठच्या वस्त्यांवर हीच वेळ आली. पाणी ओसरल्यावर 'बघू या चालू होते का' म्हणून सेल्फ मारणे ही सर्वांत महागडी चूक ठरते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी सुरू करण्याचा प्रयत्न न करता बॅटरीची ऋण वायर सोडवावी आणि ती ढकलत किंवा टेम्पोतून गॅरेजमध्ये न्यावी. प्लग काढून पाणी बाहेर काढणे, इंजिन ऑइल आणि पेट्रोल बदलणे ही कामे आधी, सेल्फ सर्वांत शेवटी.

बॅटरी दमते कशाने?

फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लान्ते यांनी १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी तयार केली. आज बहुतेक दुचाकींत असते ती तिचीच सुधारलेली वंशज. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा कप्पे असतात आणि पूर्ण भरलेला प्रत्येक कप्पा सुमारे २.१ व्होल्ट देतो. बॅटरी वीज देते तेव्हा शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर जमतो. चार्ज होते तेव्हा तो विरघळतो. बॅटरी अर्धवट उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली, तर हा थर कठीण होतो आणि नंतर चार्ज केल्यानेही पूर्णपणे जात नाही. मेकॅनिक 'बॅटरी चार्ज धरत नाही' म्हणतो, ती हीच अवस्था. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाली आणि दुचाक्या इमारतींखाली महिनोन्‌महिने उभ्या राहिल्या. त्यानंतर अनेकांना हाच अनुभव आला.

स्कूटरच्या बॅटरीची क्षमता साधारण तीन ते पाच अँपिअर-अवर, म्हणजे मोटारीच्या बॅटरीच्या तुलनेत अगदीच थोडी असते. घड्याळ, अलार्म आणि संगणक यांना मिळून दोन मिलिअँपिअर वीज लागते असे धरले, तर महिन्याभरात सुमारे दीड अँपिअर-अवर वीज गाडी न चालवताच खर्च होते. त्यात बॅटरी स्वत:हूनही थोडीथोडी उतरत असते आणि उन्हाळ्यात हा वेग वाढतो. घर ते भाजी मंडई असा पाच मिनिटांचा प्रवास आणि त्यात तीन वेळा सेल्फ, असा ज्यांचा परिपाठ आहे, त्यांच्या बॅटरीला खर्च केलेली वीज भरून काढायला पुरता वेळच मिळत नाही.

म्हणून आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा तास सलग चालवावी. जागेवरच दोन मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने सेल्फचा खर्चही नीट भरून निघत नाही. महिनाभर गावी जायचे असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून ऋण वायर सोडवून ठेवावी. सोडवताना ऋण टोक आधी आणि जोडताना धन टोक आधी, हा क्रम पाळावा. अन्यथा पाना गाडीच्या सांगाड्याला टेकून ठिणगी उडण्याची भीती असते.

चौकट : मीटर काय दाखवतो?

साधा डिजिटल मल्टिमीटर घरी असला तर बॅटरीची तपासणी दोन मिनिटांत होते. गाडी काही तास बंद राहिल्यानंतरचे आकडे असे वाचावेत :
१२.६ ते १२.८ व्होल्ट – बॅटरी पूर्ण भरलेली.
१२.४ व्होल्टच्या आसपास – सुमारे तीन-चतुर्थांश भरलेली. चार्जिंगचा विचार करावा.
१२.२ व्होल्टच्या आसपास – निम्मी उतरलेली. त्वरित चार्ज करावी.
१२ व्होल्ट वा त्याखाली – जवळपास रिकामी.
सेल्फ दाबलेला असताना – आकडा साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली घसरू नये. भरलेली बॅटरीही घसरत असेल तर तिचे आयुष्य संपत आले आहे.
इंजिन मध्यम वेगाने चालू असताना – साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टच्या आसपास.

यातील शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. इंजिन चालू असूनही तो तेराच्या वर जात नसेल तर मॅग्नेटोची कॉइल, रेग्युलेटर किंवा वायरिंग यांत दोष आहे आणि नवी बॅटरीही काही दिवसांत उतरणार, हे निश्चित. तो पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडून बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होते आहे. नवी बॅटरी घेण्यापूर्वी ही एक चाचणी दुकानदाराकडून आग्रहाने करून घ्यावी.

पाणी, आम्ल आणि चार्जर

जुन्या पद्धतीच्या, झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत पाण्याची पातळी दोन रेघांच्या मध्ये असावी. ती खाली गेली तर केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. घरातील शुद्धीकरण यंत्राचे किंवा बाटलीबंद पाणी पिण्यास चांगले असले तरी त्यात विरघळलेले क्षार राहतातच आणि ते बॅटरीला मारक ठरतात. एसीतून ठिबकणारे पाणीही धूळ आणि धातूचे अंश घेऊन येते. आम्ल तर वरून कधीच घालू नये; बाष्पीभवन पाण्याचे होते, आम्लाचे नव्हे. सध्या सर्रास वापरली जाणारी सीलबंद बॅटरी मात्र उघडण्याचा प्रयत्नही करू नये.

चार्जिंगचा साधा नियम असा, की क्षमतेच्या दहाव्या भागाइतका प्रवाह द्यावा. पाच अँपिअर-अवरच्या बॅटरीला अर्धा अँपिअर, सुमारे दहा तास. मोटारीच्या मोठ्या चार्जरने तासाभरात 'फास्ट चार्ज' करून मिळालेली बॅटरी तेवढ्यापुरती चालते, पण तिचे आयुष्य घटते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन हा ज्वालाग्राही वायू निघू शकतो; म्हणून जागा हवेशीर असावी आणि जवळपास विडी-सिगारेट, उदबत्ती वा देवघरातील निरांजन नसावे. आम्ल अंगावर वा डोळ्यांत उडाल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावे. डोळ्यांच्या बाबतीत त्वरित डॉक्टरांकडे जावे.

टर्मिनलवरील बुरशी खाण्याचा सोडा मिसळलेल्या कोमट पाण्याने, जुन्या टूथब्रशने साफ होते. हे पाणी बॅटरीच्या आत जाणार नाही याची खबरदारी घ्यावी. कोरडे झाल्यावर स्क्रू घट्ट करून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा. जोडताना धन-ऋणाची अदलाबदल झाली तर फ्यूज उडतोच. रेग्युलेटर आणि संगणकही जळू शकतो.

धक्का मारून गाडी सुरू करण्याचा उपाय गिअरच्या गाडीलाच लागू पडतो. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये इंजिन बंद असताना क्लच सुटलेला असल्याने चाकाची गती इंजिनापर्यंत पोहोचतच नाही. तिला कितीही पळवले तरी दम आपलाच जातो.

जुनी बॅटरी कोठे जाते?

निगा राखलेली दुचाकीची बॅटरी साधारणपणे तीन-चार वर्षे टिकते. नवी घेताना तिच्यावरील निर्मितीचा महिना पाहावा. दुकानात वर्षभर पडून असलेली बॅटरी आधीच निम्मी थकलेली असू शकते. वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आणि तारीख घेण्यास विसरू नये.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊन चार पैसे मिळवण्याचा मोह मात्र आवरावा. उघड्यावर बॅटरी फोडून, शिसे वितळवून विकण्याचे उद्योग अनेक ठिकाणी चालतात. त्यातून उडणारी शिशाची धूळ आणि धूर परिसरातील मुलांच्या मेंदूवर परिणाम करतो. जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण काळजी करावी इतके असल्याचा अंदाज युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांनी २०२० मधील अहवालात मांडला होता. बॅटऱ्यांचा असुरक्षित पुनर्वापर हे त्यामागील एक प्रमुख कारण असल्याचेही त्यात नमूद होते. आपल्याकडे २००१ पासून बॅटऱ्यांसाठी स्वतंत्र नियम आहेत आणि २०२२ च्या नव्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची योग्य विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. नवी बॅटरी घेताना अधिकृत विक्रेत्याकडे जुनी जमा केली की किमतीत सूटही मिळते.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी अडली, तर आधी आवाज ऐकावा, मग लाल स्विच, स्टँड, टर्मिनल आणि प्लग या क्रमाने पाहावे आणि बॅटरीकडे सर्वांत शेवटी, मीटरचा आकडा हाती घेऊनच वळावे. पहिल्या चार गोष्टी तपासायला एका प्लगपान्याशिवाय फारसे काही लागत नाही. एखाद्या रविवारी गाडी चालू असतानाच त्यांची ओळख करून घेतली, तर सोमवारची घाई बरीच सुसह्य होईल.